काळी बुरशी : एका रोगाची आणि त्याच्या नावाची चिकित्सा

इ. स. २०२१ च्या मे महिन्यात मराठी वृत्तपत्रांतून ‘काळी बुरशी’ हा शब्दप्रयोग एकाएकी रूढ झाला. त्याच्या शेजारी ‘म्युकरमायकोसिस’ हे मूळ नावही छापले जात असे. परंतु ते जिभेला जड असल्यामुळे बोलण्यात त्याचा ‘म्युकर’ एवढाच अवशेष उरला. थोड्याच दिवसांत ‘पांढरी बुरशी’ अवतरली आणि तिच्यामागोमाग गाझियाबादहून ‘पिवळ्या बुरशी’ची वार्ता येऊन पोहोचली. एकाच बुरशीस निरनिराळ्या रंगांची नावे देऊ नयेत, त्यामुळे गोंधळ होतो, असे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी २४ मे रोजी वार्ताहरांस सांगितले. तोपर्यंत नावे लोकांच्या तोंडी बसली होती. कोविड-१९ ने अत्यवस्थ झालेल्या किंवा त्यातून नुकत्याच उठलेल्या रुग्णांना होणाऱ्या बुरशीजन्य विकारांची माहिती मराठी समाजाला प्रथम झाली ती अशी रंगांच्या द्वारे झाली.

नाव चुकले म्हणून रोग बदलत नाही हे खरे. पण रोगाविषयी मनुष्य काय करतो, कशाला भितो, कोणाजवळ जातो व कोणापासून दूर राहतो, हे पुष्कळ अंशी नावावर अवलंबून असते. ‘काळी बुरशी’ हे नाव ऐकताच मराठी गृहिणीच्या डोळ्यांपुढे प्रथम काय आले असेल, तर कांद्यावरची काळी पूड. त्याच मे महिन्यात कांद्याच्या सालीवरील आणि शीतकपाटाच्या रबरी पट्टीवरील काळ्या थरामुळे हा रोग होतो, असा संदेश घरोघर फिरला. वस्तुतः कांद्यावरची काळी बुरशी ॲस्परजिलस नायगर नावाची. तिचा या रोगाशी काही संबंध नाही. जिच्यामुळे हा रोग होतो ती बुरशी शिळ्या भाकरीवर व पावावर कापसासारखी पांढरी उगवते आणि पुढे करडी होते. म्हणजे जी काळी होती ती अपराधी नव्हती, आणि जी अपराधी होती ती काळी नव्हती. हा घोटाळा कसा झाला हे समजण्यासाठी रोगाची प्रक्रियाच नीट पाहिली पाहिजे.

प्रारंभी ‘बुरशी’ या शब्दाविषयी थोडे. शास्त्रीय मराठीत या सजीववर्गास ‘कवक’ अशी संज्ञा आहे. हा शब्द जुना आहे. मनुस्मृतीत लसूण व कांदा यांच्या पंक्तीला निषिद्ध अन्न म्हणून ‘कवका’चा उल्लेख येतो, आणि तेथे त्याचा अर्थ भूछत्र किंवा अळंबी असा आहे. बोलीत मात्र अळंबी वेगळी, भाकरीवर येते ती बुरशी वेगळी आणि पीठ फुगविणारे किण्व आणखी वेगळे. ही तिन्ही एकाच कुळातली आहेत, अशी जाणीव बोलीभाषेला नाही. ती असण्याचे कारणही नाही. रोगांच्या बाबतीत तर याहूनही नवलाची गोष्ट दिसते. नायटा, गजकर्ण, शिबे ही कवकांमुळे होणाऱ्या त्वचारोगांची मराठी नावे शतकानुशतके चालत आली आहेत. परंतु त्यांपैकी एकाही नावात बुरशीचा निर्देश नाही, आणि ती सारी कातडीवरच्या रोगांची आहेत. शरीराच्या आत, फुप्फुसात किंवा रक्तवाहिनीत बुरशी वाढू शकते ही कल्पनाच लोकभाषेत नव्हती. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाला ‘मानमोडी’ हे अस्सल देशी नाव तत्काळ मिळाले, कारण तापाचा अनुभव ओळखीचा होता. २०२१ मध्ये तसे काही हाताशी नव्हते. म्हणून परक्या भाषेतील ‘ब्लॅक फंगस’ या वृत्तपत्री नावाचे शब्दशः भाषांतर झाले आणि त्यातला दोष जसाच्या तसा मराठीत उतरला.

आता मूळ विषयाकडे वळू. हवेत कवकांचे बीजाणू सर्वत्र असतात. माती, कुजणारा पालापाचोळा, धान्याची कोठारे, घराच्या ओल्या भिंती ही त्यांची उगमस्थाने. ॲस्परजिलस फ्युमिगेटस या जातीचा बीजाणू दोन ते तीन मायक्रोमीटर एवढा सूक्ष्म असतो. तो श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत जाऊ शकतो. प्रत्येक मनुष्य दररोज असे शेकडो बीजाणू हुंगतो आणि त्याला काहीही होत नाही. श्वासमार्गाच्या अस्तरावरील केसांसारखे पक्ष्म श्लेष्म्याबरोबर त्यांना वर लोटतात. जे खाली पोचतात त्यांना वायुकोशांतील भक्षक पेशी गिळून टाकतात. आणि त्यातूनही एखादा बीजाणू अंकुरलाच, तर रक्तातील श्वेतपेशी त्याच्या तंतूवर तुटून पडतात. या तीन पहाऱ्यांपैकी एखादा दुबळा झाला तरी बहुधा भागते. सर्वच एकदम कोसळले म्हणजे रोग होतो. यासाठी वैद्यक ग्रंथांतून ‘संधिसाधू संसर्ग’ ही संज्ञा योजिली जाते. मराठीत ‘संधिसाधू’ हे विशेषण राजकारणी पुरुषाला लावण्याची चाल असल्याने ते बुरशीला लावताना थोडे हसू येते. तथापि शब्द अर्थास धरून आहे.

श्वसनमार्गाचा विषाणूजन्य रोग ही संधी कशी निर्माण करतो हे कोविडच्या पूर्वीच दिसून आले होते. इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू श्वासमार्गाच्या अस्तरातील पेशी नष्ट करतो, पक्ष्मांचे कार्य थांबवितो आणि भक्षक पेशींची मारक शक्ती काही काळ मंद करतो. नेदरलंड्स आणि बेल्जियम या देशांतील सात अतिदक्षता विभागांत २००९ ते २०१६ या काळात तीव्र इन्फ्ल्यूएंझाने दाखल झालेल्या ४३२ रुग्णांची पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ८३ रुग्णांना, म्हणजे शेकडा १९ जणांना, फुप्फुसात ॲस्परजिलसचा आक्रमक संसर्ग झालेला आढळला. ज्यांना तो झाला त्यांच्यापैकी नव्वद दिवसांत शेकडा ५१ दगावले. ज्यांना झाला नाही त्यांच्यात हे प्रमाण शेकडा २८ होते. यातही विशेष म्हणजे यांतील अनेक रुग्णांची प्रतिकारशक्ती आधी क्षीण नव्हती. तोवर असा समज होता की, हा रोग रक्ताच्या कर्करोगाच्या किंवा अवयवरोपण झालेल्या रुग्णांनाच होतो. धडधाकट माणूस फ्लूने आजारी पडतो, कृत्रिम श्वसनयंत्रावर जातो आणि अवघ्या काही दिवसांत त्याच्या फुप्फुसात बुरशी वाढू लागते, हे चित्र नवे होते.

कोविड-१९ आला तेव्हा यामुळेच पाश्चात्त्य देशांतील तज्ज्ञ ॲस्परजिलसच्या शोधात होते, आणि तो त्यांना सापडलाही. मात्र त्याचे प्रमाण रुग्णालयागणिक इतके भिन्न आढळले की, त्यावरून एक आकडा सांगणे धाडसाचे होईल. याचे कारण निदानाची अडचण. अत्यवस्थ रुग्णाच्या फुप्फुसाचा तुकडा काढून तपासणे बहुधा अशक्य असते. श्वासनलिकेतून घेतलेल्या द्रवात बुरशी दिसली, तर ती तेथे केवळ वस्तीला आहे की ऊतकांत घुसली आहे हे सांगता येत नाही. ॲस्परजिलसच्या भित्तिकेतील गॅलॅक्टोमॅनन नावाची शर्करा त्या द्रवात मोजणे हा त्यातल्या त्यात विश्वसनीय मार्ग. या सर्व पुराव्यांना तोलून युरोपीय व आंतरराष्ट्रीय कवकरोग संघटनांनी २०२० च्या अखेरीस ‘सिद्ध’, ‘संभाव्य’ आणि ‘शक्य’ अशा तीन पायऱ्या ठरविल्या. निदानशास्त्राने व्याकरणातील क्रियापदाच्या अर्थांप्रमाणे निश्चयाच्या श्रेणी लावाव्यात, ही भाषाभ्यासकाला रुचणारी गोष्ट आहे. पण खाटेवरच्या रुग्णाला औषध कोणत्या पायरीवर सुरू करावे, हा प्रश्न तिने सुटत नाही, आणि वैद्य तो बहुधा ‘शक्य’ असतानाच सोडवितो.

भारतात मात्र घडले ते निराळे. येथे ॲस्परजिलसऐवजी म्यूकर कुळातील कवकांनी उचल खाल्ली.

या रोगाच्या शास्त्रीय नावाचा इतिहासही सरळ नाही. १८८५ मध्ये पाल्टाउफ याने मानवातील या रोगाचे पहिले विश्वसनीय वर्णन केले व त्याला ‘मायकोसिस म्यूकोरिना’ असे नाव दिले. १९५७ मध्ये अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ बेकर याने ‘म्यूकरमायकोसिस’ ही संज्ञा पुढे आणली. लॅटिन ‘म्यूकर’ म्हणजे बुरशी, ग्रीक ‘मायकेस’ म्हणजे कवक, आणि ‘ओसिस’ हा विकारवाचक प्रत्यय. म्हणजे दोन भाषांतून एकच अर्थ दोनदा सांगणारा हा संकर शब्द. मधल्या काळात याला ‘फायकोमायकोसिस’ व ‘झायगोमायकोसिस’ अशीही नावे होती. ज्या वर्गावरून यांतील दुसरे नाव पडले, तो झायगोमायकोटा हा वर्गच २००७ च्या पुनर्वर्गीकरणात मोडीत निघाला आणि नाव निराधार झाले. आजही जुन्या ग्रंथांत ते भेटते; वाचकाने गोंधळू नये. रोगास बहुधा कारण होणारी जात ऱ्हायझोपस ही आहे. तिचे नाव ‘मुळासारखे पाय असलेली’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून पडले आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली या दोन कुळांतील भेद स्पष्ट दिसतो. ॲस्परजिलसचे तंतू बारीक असतात, त्यांना आडवे पडदे असतात आणि त्यांच्या फांद्या सुमारे ४५ अंशांच्या लघुकोनात फुटतात. म्यूकर कुळातील तंतू रुंद, फितीसारखे, दुमडलेले असतात. पडदे क्वचितच दिसतात आणि फांद्या अनेकदा काटकोनात फुटतात. हा भेद केवळ चित्रापुरता नाही. व्होरिकोनॅझोल हे औषध ॲस्परजिलसवर उत्तम गुणकारी आहे. म्यूकर कुळावर ते चालत नाही. गॅलॅक्टोमॅननची चाचणी पहिल्यात उपयोगी, दुसऱ्यात निरुपयोगी. मराठीत ‘बुरशी’ हा एकच शब्द दोहोंना लावला म्हणून ‘बुरशीचे औषध’ही एकच असेल असे रुग्णाच्या नातेवाइकाला वाटणे स्वाभाविक आहे. पण या समजुतीने औषध चुकले, तर रुग्णाच्या हाती असलेले मोजके दिवस वाया जातात.

ऱ्हायझोपसचा बीजाणू प्रथम नाकाच्या अस्तरावर किंवा नाकालगतच्या अस्थिपोकळ्यांत रुजतो. तेथून त्याचे तंतू रक्तवाहिन्यांच्या भिंती भेदून आत शिरतात. वाहिनीत रक्ताची गुठळी होते. पलीकडच्या ऊतकास रक्त मिळेनासे होते आणि ते मरते. मेलेले ऊतक काळे पडते. टाळूवर, नाकाच्या आत, डोळ्याच्या कडेला जो काळा चट्टा दिसतो तो बुरशीचा रंग नव्हे, तो मृत मांसाचा रंग होय. खऱ्या अर्थाने काळी असलेली कवके निराळीच आहेत. त्यांच्या पेशीभित्तिकेत मेलॅनिन हे रंगद्रव्य असते व त्यांच्यापासून होणाऱ्या रोगांचा वर्गही शास्त्राने स्वतंत्र मानला आहे. म्हणजे ‘काळी बुरशी’ या नावाने लक्षणाचा रंग कारणावर चढविला. अलंकारशास्त्रात याला कार्याचा कारणावर उपचार म्हणता येईल. तेथे तो शोभतो. ‘पांढरी बुरशी’ म्हणून जिचा गाजावाजा झाला ती कॅन्डिडा. ती अनेक माणसांच्या तोंडात व आतड्यात निरुपद्रवी राहते आणि वैद्यांना पूर्वीपासून परिचित आहे.

हा संसर्ग विशिष्ट रुग्णांनाच का होतो, या प्रश्नाचे उत्तर शर्करा, आम्लता आणि लोह या तिघांच्या संबंधात आहे. रक्तातील साखर फार वाढली की श्वेतपेशींची हालचाल आणि मारकशक्ती मंदावते. मधुमेह अनावर होऊन रक्त आम्लधर्मी झाले, म्हणजे रक्तातील लोह ज्या प्रथिनाने बांधून ठेवलेले असते त्या ट्रान्सफेरिनची पकड सैल होते व मोकळे लोह वाढते. ऱ्हायझोपसला वाढीसाठी लोह हवेच असते. शिवाय वाढलेली शर्करा व लोह यांमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींवर एक विशिष्ट प्रथिन अधिक प्रमाणात येते आणि बुरशीच्या पृष्ठभागावरील दुसरे प्रथिन नेमके त्याच्याशी जुळते. या दोघांच्या मिठीतून तंतू वाहिनीत घुसतो. ॲस्परजिलसपेक्षा ऱ्हायझोपसला मधुमेही शरीर अधिक मानवते याचे स्पष्टीकरण येथे मिळते. भारतात मधुमेहींची संख्या मोठी, आणि त्यांतील कित्येकांना आपण मधुमेही असल्याचे ठाऊकही नसते. महामारीपूर्वीच भारतातील या रोगाचे प्रमाण हजारी सुमारे ०·१४, म्हणजे प्रगत देशांच्या सुमारे ऐंशीपट, असावे असा अंदाज तज्ज्ञांनी बांधला होता.

या भूमीवर २०२० मध्ये आणखी एका गोष्टीची भर पडली. इंग्लंडमधील ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष १६ जून २०२० रोजी जाहीर झाला. डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टिरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिले असता कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने व प्राणवायू लागणाऱ्यांचे सुमारे एक-पंचमांशाने कमी झाले. हा शोध असंख्य जीव वाचविणारा ठरला. परंतु त्याच चाचणीत, ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना या औषधाचा लाभ दिसला नाही, हेही स्पष्ट नमूद होते. निष्कर्षाचा पहिला भाग सर्वत्र पोचला. दुसरा वाटेत गळाला. किती, कोणाला आणि किती दिवस या तिन्ही मर्यादा ओलांडून स्टिरॉइडे दिली गेली. कित्येक घरी तर ती वैद्याला न विचारता घेतली गेली. स्टिरॉइड हे प्रतिकारशक्तीला आवरते आणि साखर वाढविते. म्हणजे ऱ्हायझोपसला जे हवे ते दोन्ही बाजूंनी देते.

लाट येण्यापूर्वी इशारा मिळाला नव्हता असेही नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत देशातील १६ रुग्णालयांमधून म्यूकरमायकोसिसचे २८७ रुग्ण नोंदले गेले. त्यांतील १८७ कोविडशी संबंधित होते. आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यांच्या मानाने एकूण संख्या दुपटीहून किंचित अधिक झाली होती. रक्तातील प्राणवायू घटणे व स्टिरॉइडांचा अयोग्य वापर या दोन गोष्टी कोविडसंबद्ध रोगाशी स्वतंत्रपणे निगडित आढळल्या. बारा आठवड्यांत सुमारे शेकडा ४६ रुग्ण दगावले. ही सारी आकडेवारी डेल्टा प्रकाराच्या मोठ्या लाटेच्या आधीची आहे.

त्यानंतरचे आकडे केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी २८ जून २०२१ रोजी दिले. देशात तोवर ४०,८४५ रुग्ण आणि ३,१२९ मृत्यू नोंदले गेले होते. ३१,३४४ जणांच्या बाबतीत रोग नाक व मेंदू यांच्या परिसरात होता. ३४,९४० जणांना कोविड झालेला होता, २६,१८७ जणांना मधुमेह होता आणि २१,५२३ जणांनी स्टिरॉइडे घेतली होती. २५ मे रोजीच्या यादीत गुजरात २,८५९ रुग्णांसह प्रथम आणि महाराष्ट्र २,७७० रुग्णांसह द्वितीय स्थानी होता. नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस देशाचा एकूण आकडा ५१,७७५ वर गेला.

या आकड्यांपुढे एका प्रत्ययाचा विचार करणे अवश्य आहे. इंग्रजी शास्त्रीय लेखांत या रोगास कोविडशी ‘संबद्ध’ म्यूकरमायकोसिस म्हटले आहे. मराठीत मात्र अनेक ठिकाणी ‘कोविडजन्य’ किंवा ‘कोरोनामुळे होणारा’ असे लिहिले गेले. ‘-जन्य’ हा प्रत्यय कार्यकारणभाव ठामपणे सांगतो. ‘संबद्ध’ हे विशेषण तो प्रश्न मोकळा ठेवते. वरील यादीतील सुमारे सहा हजार रुग्णांना कोविड झालेलाच नव्हता. निम्म्याच्या आसपास रुग्णांनी स्टिरॉइडे घेतलेली नव्हती. एक-तृतीयांशाहून अधिकांना मधुमेह नव्हता. तेव्हा कोणतेही एक कारण एकटे पुरत नाही. विषाणू स्वतः इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींना बाधतो व रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतो, हे एक. स्टिरॉइड, हे दुसरे. मधुमेह, हे तिसरे. आणि हवेतील बीजाणूंचे प्राचुर्य हे चौथे. कारखान्यातील प्राणवायू, आर्द्रकातील अशुद्ध पाणी, जस्ताच्या गोळ्या, वारंवार घेतलेली वाफ, अस्वच्छ मुखपट्टी यांकडेही बोटे दाखविण्यात आली. त्यांपैकी एकाही तर्काला निर्णायक पुराव्याचे पाठबळ मिळालेले नाही. ‘जन्य’ म्हटल्याने दोष विषाणूच्या माथी जातो आणि औषधाच्या अतिवापराचा, न तपासलेल्या साखरेचा प्रश्न दृष्टीआड होतो. दोन अक्षरांनी केलेली ही दिशाभूल लहान नाही.

दुसरा असाच शब्द ‘साथ’. १९ मे २०२१ रोजी राजस्थान शासनाने हा रोग महामारी म्हणून घोषित केला आणि दुसऱ्या दिवशी केंद्राने सर्व राज्यांना १८९७ च्या साथरोग अधिनियमाखाली तो अधिसूचनीय करण्यास सांगितले. हेतू योग्य होता : प्रत्येक रुग्णाची नोंद व्हावी. हा अधिनियम मुळात मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळी झालेला. त्यामुळे नोंद करावयाची तर ‘साथ’ या शब्दातून जाणे कायद्याने भाग पडले. परंतु मराठी माणसाच्या मनात ‘साथ’ म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे पसरणारा रोग. पटकी, देवी, प्लेग यांनी तो अर्थ पक्का केला आहे. म्यूकरमायकोसिस एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. रुग्णाच्या शेजारी बसल्याने, त्याचे ताट उचलल्याने, त्याच्या डोळ्यांवरची पट्टी बदलल्याने तो जडत नाही. ‘बुरशीची लागण’ या वृत्तपत्री मथळ्याने या भयात भरच पडली, कारण ‘लागण’ हा शब्दही परस्परस्पर्श सुचवितो. गमतीची गोष्ट अशी की, शेतकऱ्याच्या बोलीत ‘उसाची लागण’ म्हणजे उसाची लावणी, आणि तो अर्थ येथे अधिक जुळला असता : बी सर्वत्र पडलेलेच आहे, प्रश्न जमिनीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१५ मध्ये नव्या रोगांना नावे देण्याविषयी सूचना प्रसिद्ध केल्या होत्या. स्थळ, व्यक्ती, प्राणी व अकारण भय उत्पन्न करणारे शब्द त्यांत टाळण्यास सांगितले होते. ती पत्रिका अर्थातच नवीन रोगांसाठी होती, आणि १८८५ पासून ज्ञात असलेल्या रोगाला नवे नाव मिळेल हे तिच्या कर्त्यांच्या ध्यानात आले नसावे.

लक्षणे अशी : चेहऱ्याची एक बाजू दुखणे किंवा बधिर होणे, एकाच नाकपुडीचे चोंदणे, नाकातून काळसर किंवा रक्तमिश्रित स्राव, डोळ्याभोवती सूज, एकाची दोन दिसणे, वरचे दात हलू लागणे, टाळूवर काळा डाग. यांतील काळा डाग हे उशिराचे चिन्ह आहे. नावामुळे लोक त्याचीच वाट पाहत राहिले असतील तर ते समजण्यासारखे आहे, पण घातक आहे. एकाच बाजूचे दुखणे आणि सूज हीच वेळेवर मिळणारी सूचना होय. नाकातील दुर्बीण-तपासणी, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवलेल्या नमुन्याचे सूक्ष्मदर्शन, ऊतकपरीक्षा आणि चुंबकीय अनुस्पंदन-चित्रण यांनी निदान होते.

उपचार तीन अंगांचा. साखर व आम्लता ताब्यात आणणे आणि स्टिरॉइड शक्य तितके कमी करणे, मृत ऊतक शस्त्राने काढून टाकणे, आणि ॲम्फोटेरिसिन-बी. मृत ऊतकास रक्त पोचत नसल्यामुळे औषधही पोचत नाही, म्हणून शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते; वरचा जबडा, कधी डोळा, गमवावा लागतो. ॲम्फोटेरिसिन हे व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसीस नोडोसस या सूक्ष्मजीवापासून १९५५ च्या सुमारास मिळाले. आम्ल व अल्क अशा दोन्हींप्रमाणे वागणारे म्हणून त्याला हे ‘उभयधर्मी’ अर्थाचे नाव. नाव निर्दोष आहे. औषध तसे नाही. मूळ स्वरूपात ते मूत्रपिंडांना अपाय करते. म्हणून ते मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत बंद करून, शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास रोज ५ ते १० मिलिग्रॅम या प्रमाणात कित्येक आठवडे देतात. २०२१ च्या मे-जूनमध्ये या पिशवीबंद औषधाचा देशभर तुटवडा पडला. सत्तर किलो वजनाच्या रुग्णाला ५० मिलिग्रॅमच्या कमीतकमी सात कुप्या रोज लागतात. तुटवडा का पडला ते या गुणाकारावरून कळते. नातेवाईक चिठ्ठ्या घेऊन एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात हिंडत होते. जेथे ते मिळाले नाही तेथे जुने, मूत्रपिंडांना बाधक औषध वापरावे लागले. पोसॅकोनॅझोल व आयसाव्युकोनॅझोल ही पर्यायी औषधे असली तरी त्यांचे स्थान मुख्यतः पुढच्या टप्प्यात आहे.

ॲस्परजिलस व म्यूकर यांखेरीज अतिदक्षता विभागात तिसरे एक कवक दबा धरून असते. कॅन्डिडा ऑरिस हे त्याचे नाव. २००९ मध्ये जपानमधील एका रुग्णाच्या कानात ते प्रथम सापडले, आणि लॅटिनमध्ये ‘ऑरिस’ म्हणजे कान, म्हणून हे नाव. प्रत्यक्षात ते कानापुरते राहत नाही. त्वचेवर, खाटांवर, उपकरणांवर दीर्घकाळ टिकते आणि शिरेत घातलेल्या नळीवाटे रक्तात जाते. दिल्लीच्या एका अतिदक्षता विभागात २०२० च्या एप्रिल ते जुलै या काळात कोविडच्या ज्या रुग्णांच्या रक्तात कॅन्डिडा आढळले, त्यांच्यापैकी दोन-तृतीयांश रुग्णांत ते ऑरिस जातीचे होते. म्यूकरच्या उलट हे कवक एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे, हातांवाटे व साधनांवाटे, खरोखरच जाते. ‘साथ’ आणि ‘लागण’ हे दोन्ही शब्द ज्याला यथार्थ लागू पडले असते त्याच्याविषयी मराठी वृत्तपत्रांत त्या काळी क्वचितच काही छापून आले. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये रोगकारक कवकांची पहिली अग्रक्रमसूची काढली. तिच्यातील १९ नोंदींपैकी सर्वोच्च गटात चार जाती आहेत. त्यांत कॅन्डिडा ऑरिस आणि ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही दोन्ही येतात. म्यूकर कुळ त्याखालच्या गटात आहे. सूचीत रंग कोणाचाच दिलेला नाही.